भंगारातली जुनी सायकल परत रस्त्यावर आणायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली एक काळी हर्क्युलस किती वर्षं उभी होती हे कोणालाच सांगता येत नव्हतं. सीट फाटलेली, मागच्या चाकाला टायर नाही, चेनकव्हरमध्ये चिमणीने कधीतरी केलेल्या घरट्याच्या काड्या. पावसाळ्याआधी पार्किंग साफ करायचं ठरलं, भंगारवाला किलोवर भाव करत उभा होता आणि मी नेमकी भाजी घेऊन तिथून चालले होते. मूळ मालकांना फोन लावला, ते म्हणाले घेऊन जा बाई, चालवलीस तर बरंच वाटेल. ती सायकल आज मी रोज चालवते. नंतर आणखी तीन केल्या, आणि तेव्हापासून ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकदाच नीट लिहून ठेवते.

हे सगळं साध्या काळ्या सायकलबद्दल आहे. म्हणजे सळईचे ब्रेक, २८ इंची चाकं, कॉटरचे क्रँक (पायडलचे दांडे, जे कॉटर नावाच्या पिनने एक्सलवर बसतात), जिला आपल्याकडे दूधवाल्याची सायकल म्हणतात ती. गिअरच्या नव्या सायकलींचं गणित वेगळं.

सायकल दुरुस्त होण्यासारखी आहे हे कसं ओळखायचं?

गंजाला घाबरू नका, आधी सांगाडा बघा. फ्रेम आणि चिमटा (पुढचं चाक धरणारा) सरळ असेल तर बाकी झाडून सगळं बदलता येतं, कारण या सायकलीचे पार्ट आजही नवे मिळतात. आणि फ्रेमच वाकडी असेल तर वरचे कितीही चांगले पार्ट वाया.

फ्रेम तपासायला एक लांब दोरा पुरतो. मागचं चाक काढा, एक्सल बसतो त्या डाव्या खाचेला दोरा बांधा, तिथून पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घाला आणि परत उजव्या खाचेला ताणून बांधा. आता सीटच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडच्या दोऱ्याचं अंतर पट्टीने मोजा. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक चालतो, पाच-सहा मिलिमीटर आला तर मागचा भाग एका बाजूला गेलाय. चिमट्यासाठी सायकल बाजूने बघायची, हँडलची नळी आणि चिमट्याचा वरचा सरळ भाग एका रेषेत दिसायला हवा, मग खाली जो बाक आहे तो मूळचाच असतो. समोरून धडकलेल्या सायकलीचा चिमटा मागे गेलेला असतो आणि हँडलजवळ वरच्या-खालच्या नळीच्या पोटाला रंगाला सुरकुत्या पडलेल्या असतात. त्या सुरकुतीवरून बोट फिरवा, डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं.

मग बीबीची नळी, म्हणजे जिथे पायडलचा एक्सल जातो ती. पाणी सीटच्या नळीतून उतरून तिथे साठतं, त्यामुळे फ्रेम बाहेरून छान दिसते आणि तिथे आतून खाल्लेली असते. स्क्रूडायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला आणि गंजाचे पोपडे गळायला लागले तर सोडून द्या, ती सायकल पार्टसाठी घ्या.

तडा असेल तर? या फ्रेमच्या नळ्या जोडांमध्ये पितळाने जोडलेल्या असतात, त्यामुळे दुरुस्ती पण गॅसवर पितळी वेल्डिंगनेच करायची. ग्रिलवाल्याकडे नेऊन इलेक्ट्रिक वेल्डिंगचा टाका मारून आणू नका, नळी पातळ असते, जळते आणि टाक्याच्या शेजारीच परत तुटते.

कुठल्या कंपनीची सायकल बरी?

जी सरळ आहे ती. लोक बॅज बघून हुरळतात पण अॅटलस, हिरो, हर्क्युलस, फिलिप्स, बीएसए, एव्हन, सगळ्यांचा नमुना एकाच जुन्या इंग्लिश रोडस्टरचा, म्हणून एकीचे पार्ट दुसरीला बसतात आणि म्हणूनच हे काम शक्य होतं. अॅटलस सोनीपतची, १९५१ची, हिरो लुधियानाची, १९५६ची. हर्क्युलस, फिलिप्स आणि बीएसए या मूळच्या इंग्लिश सायकली मद्रासजवळ अंबत्तूरला टीआयच्या (ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स) कारखान्यात बनायला लागल्या. मुंबईत वरळीला बनलेली हिंद सायकल कधी हाताला लागली तर तिचा बॅज जपून ठेवा, ती आता क्वचित दिसते. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२०ला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी बंद पडला, ती बातमी वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं.

एकाच बाबतीत सावध राहा. इंग्लंडात नॉटिंगहॅमला बनलेल्या जुन्या रॅली (Raleigh) सायकलीच्या बीबीच्या आणि हँडलच्या कपांचे (कप म्हणजे छर्रे फिरतात त्या वाट्या) आटे इंचाला २६ असतात, बाकीच्यांचे २४. कप दिसायला सारखाच, दोन फेरे बसतो आणि मग अडकतो. जोर लावला की आटे गेले. रॅली असेल तर तिचे मूळ कप कितीही जुने असले तरी टाकू नका.

पार्किंगमध्ये पडून असलेली सायकल अशीच उचलली तर चालते का?

नाही. मालक शोधा, विचारा, शक्य असेल तर दोन ओळी लिहून घ्या. सोसायटीची असेल तर सेक्रेटरींना नोटीस लावायला सांगा, महिनाभर थांबा. भंगारवाल्याकडून घेत असाल तर साध्या कागदावर का होईना पण पावती घ्या आणि तिच्यावर फ्रेम नंबर लिहा. नंबर बहुतेक वेळा सीटच्या नळीच्या वरच्या जोडावर नाहीतर बीबीच्या खाली ठोकलेला असतो, घासल्यावर दिसतो.

हत्यारं काय काय लागतील?

घरात असतात तीच. पान्यांचा सेट, एक स्लाइड पाना, पक्कड, स्क्रूडायव्हर, चांगली वजनदार हातोडी. वेगळं घ्यायचं ते म्हणजे निप्पल चावी (आऱ्यांच्या टोकाचे नट फिरवायला) आणि कोनचे, म्हणजे हबमध्ये छर्रे दाबून धरणाऱ्या निमुळत्या नटांचे, पातळ पाने, साधा पाना हबच्या कोनवर बसतच नाही, जाड पडतो. फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दातांचं चक्र) काढायचं हत्यार आणि बाकाला बसवलेला व्हाइस लागतो, पण तेवढ्यासाठी विकत घेण्यापेक्षा चाक दुकानात न्या. ग्रीसचा डबा, पातळ मशीन ऑइल, गंज सोडवणारा स्प्रे, धुवायला रॉकेल किंवा डिझेल, आणि जुन्या बनियनच्या चिंध्या भरपूर.

आणि मोबाइल. प्रत्येक गोष्ट खोलायच्या आधी फोटो. वॉशर कुठल्या बाजूला होता हे पंधरा दिवसांनी आठवत नाही. मी इडलीपात्राच्या साच्यांमध्ये नट-वॉशर क्रमाने ठेवते, एक खळगा एका जागेचा.

सुरुवात कशापासून करू? आधी रंग देऊन टाकू का?

रंग सगळ्यात शेवटी. हे मी प्रत्येकाला सांगते आणि तरी दहातले सात जण आधी रंगवायलाच देतात, कारण फोटो छान येतो. मग कॉटर काढताना हातोडी निसटते, फ्रीव्हील काढताना फ्रेमला पाना लागतो, आणि नव्या रंगाचे टवके उडतात. मुख्य म्हणजे सायकल चालवल्याशिवाय तिचं दुखणं कळत नाही. फ्रेम जरा ओढते का, चिमट्यात काही वाजतं का, हे रस्त्यावरच समजतं, आणि ते नीट करायला परत सगळं खोलावं लागतं.

माझा क्रम असा: आधी सगळीकडे तेल सोडून दोन दिवस गप्प बसायचं. मग क्रँक आणि बीबी, मग दोन्ही हब, मग चाकं सरळ, मग हँडलचे कप, मग ब्रेक, चेन. महिनाभर तशीच कळकट चालवायची. त्यानंतर रंगाचं बघायचं, आणि तोपर्यंत बऱ्याच जणांना जुना रंगच आवडायला लागलेला असतो.

कॉटर पिन निघतच नाही, काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बऱ्याच सायकली याच जागी सोडून दिल्या जातात म्हणून सविस्तर सांगते.

क्रँक एक्सलवर धरून ठेवते ती ही छोटी उतरत्या पाठीची पिन. एका बाजूला डोकं, दुसऱ्या बाजूला आटे आणि नट. वीस-तीस वर्षं पाणी-धूळ खाऊन ती क्रँकला एकजीव झालेली असते. लोक काय करतात, नट काढून टाकतात आणि उघड्या आट्यांवर हातोडीने टकटक, टकटक करत बसतात. लहान लहान फटक्यांनी पिन निघत नाही, तिचं टोक पसरतं, मशरूमसारखं होतं, आणि मग ती कधीच निघत नाही.

तीन दिवस आधीपासून रोज दोन्ही बाजूंनी तेल सोडा. नट पूर्ण काढू नका, पिनच्या टोकाशी सपाट येईल इतकाच मागे फिरवा म्हणजे फटका नट आणि पिन दोघांवर मिळून बसतो. आता महत्त्वाचं: क्रँकच्या खाली आधार हवा. लोखंडी पाइपचा एक तुकडा, पिनचं डोकं आत जाईल एवढ्या भोकाचा, जमिनीपासून क्रँकपर्यंत बरोबर टेकेल एवढ्या उंचीला कापून घ्या. सायकल कोणीतरी धरायची. आणि मग एकच फटका, मनापासून, सरळ. पिन खाली पाइपमध्ये गेल्याचा जो आवाज येतो तो एकदा ऐकला की विसरत नाही.

आधाराशिवाय ठोकायचं नाही हे मी हर्क्युलसवर शिकले. मी पाइप न लावता ठोकत राहिले, पिन निघाली, पण प्रत्येक फटका एक्सलमधून छर्र्यांवर आणि छर्र्यांवरून कपावर गेला होता. कप उघडला तर आतल्या गुळगुळीत वाटेवर ओळीने बारीक खड्डे. तो मूळचा कप होता आणि आतापर्यंत व्यवस्थित चाललेला होता, मला त्याची अजून हळहळ वाटते.

एवढं करूनही नाही निघाली तर ड्रिल. मधोमध पंच मारून आधी बारीक, मग जाड. हे जमत नसेल तर लेथवाल्याकडे न्या, तो दहा मिनिटांत करतो.

नवीन पिन घेताना जुनी सोबत न्या, ९ मिलिमीटरची आणि साडेनऊची अशा दोन्ही येतात. दोन्ही पिना एकाच जोडीतल्या हव्यात, नाहीतर एक पायडल पुढे एक मागे असं होतं. आणि बसवताना एक वरून तर दुसरी खालून, म्हणजे क्रँक उभे केले की दोन्हींचे नट उलट दिशांना. पिन ठोकून बसवायची, नट फक्त ती जागेवर ठेवायला असतो. नटाने ओढून बसवायला गेलात तर आटे जातात.

बीबीचा उजवा कप उघडत नाही. डावीकडचं पायडल पण.

तुम्ही उलटीकडे फिरवताय. बीबीचा उजवा कप, म्हणजे चेनच्या बाजूचा, उलट्या आट्यांचा असतो, तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. पायडलमध्ये डावं उलट्या आट्यांचं. नेहमीच्या सवयीने जितका जोर लावाल तितके ते आवळत जातात. तसा उजवा कप विनाकारण काढूच नका, आत बॅटरी मारून बघा, वाट चकचकीत असेल तर तिथल्या तिथे पुसून घ्या.

छर्रे कुठल्या मापाचे आणि किती घालायचे?

जुन्या दुकानात माप सुतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बीबीला दोन सुताचे, म्हणजे पाव इंची, एका बाजूला ११. मागच्या हबला पण दोन सुताचेच, एका बाजूला ९. पुढच्या हबला दीड सुताचे, एका बाजूला १०. हँडलच्या कपात बहुतेक सव्वा सुताचे, तिथे आकडा सायकलीप्रमाणे बदलतो, म्हणून कप भरायचा आणि एक कमी करायचा. ठासून भरले तर छर्रे एकमेकांना घासतात आणि हँडल करकरतं.

छर्रे जुने परत वापरू नका, सगळ्यात स्वस्त पार्ट तोच आहे. कपात आधी ग्रीस भरायचं आणि त्यात एकेक छर्रा बोटाने दाबून बसवायचा, ग्रीस त्यांना धरून ठेवतं. कोन आवळताना एक गोष्ट हाताला शिकवावी लागते: चाक फिरवून सोडलं की वॉल्व्हच्या वजनाने ते सावकाश खाली येऊन मागेपुढे झुलत थांबलं पाहिजे, आणि तरी रिम धरून हलवली तर हबमध्ये खडखड नको. नट आवळल्यावर कोन थोडा घट्ट होतोच, त्यामुळे आधी कणभर सैल ठेवायचा. पहिल्यांदा करताना पाच-सहा वेळा उघडबंद होते, होऊ द्या.

काही जुन्या हबवर मधोमध एक छोटं भोक आणि त्यावर पत्र्याची क्लिप असते, ते तेल सोडायला. क्लिप फेकू नका, आत धूळ जाते.

फ्रीव्हील फिरतंय पण पायडल मारलं की पकडत नाही.

आतले कुत्रे चिकटलेत. फ्रीव्हीलच्या पोटात दोन छोटे खटके असतात, त्यांना मिस्त्री लोक कुत्रे म्हणतात, मागे एक केसासारखी बारीक स्प्रिंग, आणि ते दातात अडकतात म्हणून सायकल पुढे जाते. जुनं ग्रीस सुकून डिंकासारखं झालं की कुत्रे उघडत नाहीत. चाक आडवं ठेवून फ्रीव्हीलच्या फटीतून रॉकेल सोडत राहा आणि फिरवत राहा, काळं पाणी येणं थांबेपर्यंत. मग पातळ तेल. ग्रीस नाही, परत चिकटतील. टकटक टकटक असा स्वच्छ आवाज आला की समजा जमलं. तरी एखाद्या वेळी घसरत असेल तर नवीनच बसवा, कारण चढावर उभं राहून पायडल मारताना ते घसरलं तर माणूस थेट दांड्यावर आपटतो.

चाक आऊट आहे. घरी सरळ होईल का?

थोडं आऊट असेल तर होईल. आधी प्रत्येक निप्पलच्या मुळाशी तेलाचा थेंब टाका आणि रात्रभर ठेवा, नाहीतर निप्पल फिरायच्या ऐवजी आराच पिळतो आणि तुटतो. सायकल उलटी करून ब्रेकजवळ चिमट्याला एक काडी चिकटवा, चाक फिरवा, रिम काडीला लागते ती जागा बघा. रिम उजवीकडे गेली असेल तर तिथले हबच्या डाव्या बाजूला जाणारे आरे पाव फेरा घट्ट, उजवीकडचे पाव फेरा सैल. पाव फेरा, जास्त नाही.

पण सळईच्या ब्रेकच्या सायकलीत एक वेगळी गोष्ट आहे जी नवीन सायकलींवर शिकलेल्या पोरांना लक्षात येत नाही. इथे ब्रेकचं रबर रिमच्या बाजूला लागत नाही, आतून, हबच्या बाजूने वर ओढलं जातं. त्यामुळे डावं-उजवं आऊट थोडं चालून जातं पण वर-खाली आऊट चालत नाही, ब्रेक एका जागी धरतो आणि एका जागी सोडतो. काडी आडवी लावून ते पण बघा.

रिम गंजून भोकं मोठी झाली असतील तर नवीन. घेताना भोकं मोजा: पुढच्या चाकाला ३२ आरे आणि मागच्याला ४०. ३६ भोकांची रिम हातात दिली तर परत करा. सगळे आरे नव्याने विणायचे असतील तर ते काम पहिल्यांदा जाणत्या मिस्त्रींसमोर बसून करा. आमच्या गल्लीतले काका पायाच्या बोटांमध्ये हब धरून चाळीस आरे विणतात. वरचा आरा कुठल्या खालच्या आऱ्यावरून जातो हे मी त्यांच्या हातांकडे बघूनच शिकले, व्हिडिओ बघून मला काही ते कळलं नव्हतं.

टायर २८चा आणला तरी बसत नाहीये.

नुसतं २८ सांगून चालत नाही. आपल्या काळ्या सायकलीला २८ बाय दीड लागतो. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ६३५ असा आकडा असतो, तो रिमचा खरा व्यास मिलिमीटरमध्ये, तोच बघून घ्या. ६२२ लिहिलेला पण २८चाच म्हणून विकला जातो, तो दुसऱ्या सायकलीचा. २६ इंची चाकाची असेल तर अजून गोंधळ, तिथे दीडचा ५८४ आणि एक तीन अष्टमांशचा ५९०. जुन्या टायरवरचा आकडा वाचूनच दुकानात जा.

ट्यूबमधली हवा रात्रीत जात असेल तर आधी पंक्चर शोधत बसू नका. जुन्या पद्धतीच्या वॉल्व्हला आत रबराची बारीक नळी असते, व्हॉल्व्ह ट्यूब, ती कडक होऊन चिरते. वॉल्व्हच्या तोंडाला थुंकीचं बोट लावून बघा, बुडबुडा आला तर तीच गेलीय. सीटखालच्या पिशवीत चार इंच नळी कायम ठेवा.

सळईचे ब्रेक लागतच नाहीत. केबलचे लावून टाकू का?

लावू नका. या सायकलीच्या रिमला केबलच्या ब्रेकला घासायला नीट सपाट बाजूच नसते, त्यामुळे रिमपासून बदलावं लागेल. सळईचे ब्रेक वाईट नाहीत, ते लावायला वेळ द्यावा लागतो एवढंच. लिव्हर दाबली की सळई वर ओढली जाते, ती यू-पट्टीला ओढते, पट्टीची दोन रबरं रिमला आतून लागतात. मधल्या प्रत्येक जोडात थोडी थोडी ढिलाई असते आणि चार-पाच जोडांची मिळून लिव्हर हँडलला टेकेपर्यंत ब्रेक लागत नाही. म्हणून प्रत्येक पिन हलवून बघा, झिजलेली बदला, तेलाचा थेंब टाका. यू-पट्टी दोन्ही बाजूंना सारखी उभी हवी, रबर आणि रिममध्ये साधारण ३ मिलिमीटर अंतर. जुनं रबर काचेसारखं गुळगुळीत झालेलं असतं, ते घासून उपयोग नाही, चारही नवी.

आणि पावसात सांभाळून. ओल्या क्रोमच्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो हे या सायकलीचं खरंच आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. उताराला लागायच्या आधीच हलका ब्रेक धरून रिम पुसून घ्यायची, आणि रिमला चुकूनही तेल लागू द्यायचं नाही.

चेन जुनी ठेवू की नवीन?

मोजा. चेनच्या एका पिनपासून दुसरीपर्यंत अर्धा इंच, म्हणजे २४ घरं बरोबर १२ इंच भरली पाहिजेत. एक सूत जास्त भरली तर चेन ओढली गेली, बदला. फ्रीव्हीलचे दात शार्कच्या दातासारखे एका बाजूला झुकलेले दिसले तर तेही सोबत बदला, नाहीतर नवीन चेन उड्या मारते. जोड-कडीची क्लिप माशाच्या आकाराची असते. वरच्या बाजूच्या चेनवर माशाचं तोंड पुढे, शेपूट मागे. उलटी लावली तर रस्त्यात उडते. चेन मधोमध बोटाने वर-खाली केली तर अर्धा इंच हलायला हवी, तारेसारखी ताणू नका.

कात्रजच्या चढाला दम लागतो. गिअर बसवता येतील का?

येतात, पण त्याआधी एक स्वस्त गोष्ट करून बघा. पुढे बहुतेक ४४ दात, मागे १८. एका पायडलच्या फेऱ्यात सायकल जवळपास साडेपाच मीटर जाते, सपाटीला मस्त, चढाला जड. मागे २२ दातांचं फ्रीव्हील टाकलं की तेच साडेचार मीटरवर येतं. चेन दोन-तीन घरं वाढवावी लागते, बस. वीस किलोच्या वरची सायकल आहे, ती चढावर हलकी होणार नाही, पण उतरून ढकलायची वेळ कमी येते.

गंज आणि रंगाचं काय करू?

क्रोमवरचा वरवरचा गंज स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून, पाण्यात बुडवून घासली की निघतो, पॉलिश पेपर लावू नका, ओरखडे कायमचे राहतात. सुटे नट-बोल्ट चिंचेच्या कोळात रात्रभर, मग धुवून, लगेच उन्हात वाळवून तेलाचा हात. रंगलेल्या फ्रेमला चिंच नको, जुनी सोनेरी रेघ आणि कंपनीचं चित्र उडतं. मूळचा काळा रंग निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर माझं मत सरळ आहे, तो ठेवा. साबणाने धुवा, कोरडी करा, जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. काळा परत खोल दिसायला लागतो.

पावडर कोटिंग करायचंच असेल तर बॅज आधी स्वतःच्या हाताने काढून घरी ठेवा आणि आट्यांच्या सगळ्या जागा टेप लावून, बूच मारून द्या. माझी दुसरी फ्रेम एका ठिकाणी दिली होती, नाव घेत नाही. परत आली तेव्हा बीबीच्या आट्यांमध्ये रंग भाजून बसलेला आणि पितळी बॅज गायब. आटे टॅप मारून मोकळे केले, बॅज काही मिळाला नाही.

डायनॅमो लावला पण दिवा लागत नाही.

रंग नवीन आहे का? मग उत्तर तेच. डायनॅमोपासून दिव्यापर्यंत एकच वायर असते, परतीचा रस्ता फ्रेममधून. जाड रंग किंवा पावडर कोटिंग मध्ये आलं की सर्किट तुटतं. डायनॅमोच्या क्लॅम्पला एक टोकदार स्क्रू असतो, तो रंग फोडून लोखंडाला लागेपर्यंत आवळा, दिव्याच्या पट्टीखाली पण थोडं खरवडा. नाहीतर सरळ दुसरी वायर ओढा.

पार्ट कुठे मिळतात?

पुण्यात असाल तर पेठांमधली जुनी सायकल दुकानं, जिथे बाहेर अजून ‘ओव्हरऑइलिंग करून मिळेल’ असं लिहिलेलं असतं. सकाळी जा, गर्दी नसते. नवे पार्ट बहुतेक लुधियानाचे. जुन्या वस्तूंसाठी रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार, तिथे मला नगरपालिकेचा सायकलचा जुना बिल्ला आणि पितळी घंटी मिळाली होती. तालुक्याच्या गावी तर अजून सोपं, बाजाराच्या दिवशी सायकलवाल्या काकांकडे बसा, माळ्यावरून काय काय निघतं. मूळ सायकल कशी दिसायची हे बघायचं असेल तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल म्युझियम आहे, आवर्जून जा.

खर्च आणि वेळ किती?

माझ्या हर्क्युलसला साधारण तीन-साडेतीन हजार लागले, त्यात टायर-ट्यूब आणि रिमचा वाटा निम्म्याहून जास्त. वेळ दोन महिने, शनिवार-रविवार फक्त. तेवढ्यात साधी सेकंडहँड सायकल मिळाली असती हे मला माहीत आहे. पण हिचा एकही नट असा नाही जो मी हातात घेतलेला नाही, आणि आज रस्त्यात काही वाजलं तर आवाजावरून कळतं कुठे ते.

पहिल्यांदा चालवताना काय काळजी घ्यायची?

पहिल्या दिवशी गल्लीतच, पाना खिशात. एक चक्कर मारायची, उतरायचं, दोन्ही चाकांचे नट, हँडल, सीट बघायचं. नवीन कॉटर पहिल्या दोन-तीन दिवसांत अजून आत बसतात आणि सैल होतात, पायडल मारताना प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी टक् असा आवाज आला की लगेच उतरा. तसंच चालवत राहिलात तर पिन कापली जाते. परत पाइपचा आधार, दोन फटके, मग नट अर्धा फेरा. आठवड्याने पुन्हा एकदा. आरे पण बसतात, पन्नासेक किलोमीटर झाल्यावर काडी लावून चाक परत बघा. माझ्या हर्क्युलसचा डावा कॉटर तीनदा आवळावा लागला, तिसऱ्यांदा बसला तो अजून हललेला नाही.